कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय? मग भूलवाल्या डॉक्टरांना वजनाचं नीट सांगा

ऑपरेशनआधीच्या फिटनेस तपासणीसाठी भूलतज्ज्ञांकडे जाताना फाइलमध्ये एक आकडा लिहून न्याच, पेशंटचं सहा महिन्यांपूर्वीचं वजन. आजचं वजन नर्स काट्यावर उभं करून घेतेच, जुनं मात्र घरच्यांनाच माहीत असतं. आमच्या काकांना गालाचा कॅन्सर, वजन भरलं ६०, सगळे म्हणाले छान आहे की, आणि काकू मागून हळूच बोलली, अहो दिवाळीत ६८ होतं. झालं, तिथेच सगळं फिरलं. सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल तर ते गंभीर धरतात, कारण चरबीबरोबर स्नायू पण जातात, मग खोकून कफ काढायला ताकद नसते, जखम लवकर भरत नाही, इन्फेक्शन होतं. अशा वेळी एक-दोन आठवडे नाकातल्या नळीने फीड देऊन मग ऑपरेशन करतात. घाबरू नका, हा उशीर फुकट जात नाही. आणि पोटात पाणी किंवा पायाला सूज असेल तर काटा खोटं बोलतो, तेही सांगा.

मावशीचं उलट, गर्भाशयाचा कॅन्सर आणि वजन ९२. तिने तारीख मिळाल्या मिळाल्या जेवण अर्ध्यावर आणलं, एका वेळी फक्त काकडी! हे अजिबात करू नका. दोन-तीन आठवड्यांत उपाशी राहून जे उतरतं त्यात स्नायू पण असतात, आणि नंतर उठून चालायला तेच लागतात. डाळ, अंडी, दही, पनीर चालू ठेवा.

जाड माणसाला आडवं केलं की पोटाचा भार फुफ्फुसांवर येतो, ऑक्सिजनचा साठा कमी पडतो, म्हणून भूल दिल्यावर श्वासाची नळी घालेपर्यंत ऑक्सिजन पटकन उतरू शकतो. म्हणून डॉक्टर आधीच डोकं-खांदे उंच करून ठेवतात. औषधाचा डोस पण सरसकट किलोवर नसतो, बरीच औषधं चरबी सोडून उरलेल्या वजनावर मोजतात, म्हणून वजन-उंची अंदाजे सांगू नका.

घोरणं लपवू नका प्लीज. मावशी म्हणे मी घोरत नाही, तिचे मिस्टर हसायलाच लागले. झोपेत श्वास अडकत असेल, रात्री श्वासाचं मशीन लावत असाल तर ते हॉस्पिटलात सोबत न्या, ऑपरेशननंतरच्या रात्री कामाला येतं. वजन कमी करायची इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं आणि भुलेत उलटी फुफ्फुसात जायची भीती असते, साधा ६ तासांचा उपास पुरेलच असं नाही.

नंतरचं म्हणजे चालणं, दुसऱ्याच दिवशी, डॉक्टर हो म्हणाले की लगेच, कारण वजन जास्त आणि त्यात कॅन्सर म्हटलं की पायात गुठळी व्हायचा धोका वाढतो. पोटात टोचतात ती रक्त पातळ करायची इंजेक्शनं त्यासाठीच, घरी दिली असतील तर मधेच बंद करू नका. आणि श्वासाच्या व्यायामाला देतात ते तीन छोट्या बॉलचं फुंकायचं खेळणं, ते फुंकायचं नसतं हो, आत ओढायचं असतं, मावशी दोन दिवस फुंकतच होती.