ओपनस्ट्रीटमॅपवर दगडांचा घोळ कसा निस्तरला (माझा अनुभव)

ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) आमच्या एरियात जो दिसेल तो दगड सर्व्हे_पॉइंट (सर्वेक्षणाची खूण) म्हणून टाकलेला, मैलाचा दगड पण तोच आणि गावाच्या शिवेचा पण तोच. मग ओव्हरपास टर्बोवर (नकाशातला डेटा शोधायची साइट) मॅन_मेड=सर्व्हे_पॉइंट या टॅगची (वस्तू काय आहे ते सांगणारं लेबल) क्वेरी मारली, सगळे नोड (नकाशावरचे बिंदू) जोसममध्ये (नकाशा एडिट करायचं सॉफ्टवेअर) उघडले आणि फोटो बघत बघत वेगळे केले. दगडावर जी.टी.एस. (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) आणि बी.एम. (बेंचमार्क) कोरलेलं असेल तर तो उंचीचा बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची पक्की खूण, मग सर्व्हे_पॉइंट:पर्पज=व्हर्टिकल. डोंगरमाथ्यावरचं त्रिकोणमितीचं स्टेशन असेल तर हॉरिझॉन्टल. शिवेचा दगड बाउंडरी=मार्करमध्ये गेला, आणि मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजणारे ते जुने दगड आहेत ना, तसले असतील तर सरळ हिस्टॉरिक=माइलस्टोन.

खरी डोकेदुखी ईएलई टॅगची (समुद्रसपाटीपासूनची उंची). लोक मोबाइलच्या जीपीएसची उंची तशीच टाकतात, पण काही अ‍ॅप्स कच्ची एलिप्सॉइडवरची (समुद्रसपाटी नव्हे, पृथ्वीचा गणिती आकार) उंची दाखवतात आणि मुंबईत ती समुद्रकिनारी चक्क उणे ६० मीटरच्या आसपास येते (पाणबुडीतून मॅपिंग केलंय की काय!). तसले आकडे सरळ उडवले. फोटो नसलेल्या नोडना हात नाही लावला, फिक्समी (‘हे तपासा’ सांगणारा टॅग) टाकून आधीच्या मॅपरला चेंजसेट कमेंटमध्ये (त्याने केलेल्या बदलांखालची चर्चा) विचारलंय.