मामा तलाव पुन्हा जिवंत करायचाय? पावसाळ्याआधी एवढं करून ठेवा

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पूर्व विदर्भातले गावोगावचे जुने तलाव. त्यासाठी जेसीबी सगळ्यात शेवटी सांगायचा. आधी फेब्रुवारीत एक अख्खी सकाळ काढा आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या ढिवरासोबत (मासेमारी करणारा समाज) तलावाला पायी फेरी मारा. सोबत वही घ्या. मरळ मासा अंडी कुठे घालतो, देवधान (आपोआप उगवणारं जंगली धान) कोणत्या कडेला उगवायचं, पाण्याखालची कोणती वनस्पती कधीपासून दिसेनाशी झाली, हे नकाशात नसतं, त्यांच्या तोंडी असतं. बायकांनाही न्या. उपवासाचं देवधान गोळा करायला कमरेभर पाण्यात त्याच उतरलेल्या असतात.

मग कागद. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतले हे तलाव बरेचसे कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळापासून बांधलेले. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची गावावरची मालकी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि तेव्हापासून एकाच पाण्याला चार धनी आहेत. लहान तलाव जिल्हा परिषदेचा, मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थेचा, पाणी धानवाल्यांचं आणि पाणी ओसरलं की उघडी पडणारी जमीन गाळपेर (त्या गाळात पीक) करणाऱ्याची. म्हणून ग्रामसभेचा ठराव, संस्थेचं पत्र आणि जिल्हा परिषदेची परवानगी हातात आल्याशिवाय फावडं उचलू नका. तलाठ्याकडून निस्तार पत्रकही (गावाच्या वापरहक्कांची नोंद) काढून ठेवा, भांडणात तेच कामी येतं.

भांडण होणारच, आणि ते बहुतेक पाण्याच्या पातळीवरून. ऑक्टोबरात धानाला शेवटचं पाणी हवं असतं, ढिवराला मासे जगतील एवढं तळाशी राहायला हवं असतं. गेट कुठल्या खुणेवर बंद करायचं ते पाळीवर (तलावाच्या बांधावर) सगळ्यांना उभं करून ठरवा आणि दगडावर रंगानं रेघ ओढा. तोंडी ठरलेलं पुढच्या हंगामात कुणालाच आठवत नाही.

बेशरमला, म्हणजे तलाव व्यापणाऱ्या त्या झुडपी तणाला, वेळ राखून ठेवा. मोहफुलं वेचून झाल्यावर आणि तेंदूपत्ता सुरू होण्याआधी जे थोडे दिवस मिळतात, तेच तुमचे. रोजगार हमीत काम बसतं का, ते ग्रामसेवकाला आधीच विचारा. बेशरम कापायची नाही, सब्बल (पहार) घालून मुळासकट उपटायची. उपटलेलं पाळीवर टाकायचं नाही. मी स्वतः पाहिलंय, पाळीवर फेकलेल्या हातभर दांड्याला पावसात पेरापेराला मुळं सुटली आणि दिवाळीपर्यंत जांभळी फुलं डोलत होती. वाळवून, तलावाबाहेर नेऊन जाळायची.

गाळ काढायचाच असेल तर सरसकट नको. ठेकेदाराला खड्डा खोल हवा असतो, तलावाला मात्र उथळ कड लागते. देवधान तिथंच येतं, सारस तिथंच चरतो. कुठं खोदायचं नाही ते खुंट्या ठोकून दाखवा आणि मशीन चालू असताना संस्थेचा एक माणूस बसवा.

वनस्पतींचं बियाणं दुकानात मिळत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवर संस्थांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत हे काम केलंय, त्यांच्याकडे एकदा जाऊन या. चांगल्या तलावातून रोपं आणायची, तर तिथल्या संस्थेला आधी विचारायचं, ओल्या पोत्यात गुंडाळायची आणि त्याच दिवशी लावायची. पाण्याखाली वाढणारी आत, पान तरंगणारी मधे, देवधान कडेला. संस्थेच्या सभेत एक ठराव आणखी हवा: यंदापासून ग्रासकार्प हा गवतखाऊ मासा सोडायचा नाही. तुम्ही लावाल ते तो चरून टाकतो. बीज स्वस्त मिळतं म्हणून कुणीतरी आग्रह धरेलच, तेव्हा ठाम राहा.

लावलेल्या पट्ट्याभोवती लागणारे बांबू मे महिन्यातच तोडून ठेवा, जुनी जाळी शिवून घ्या. लागवड पहिल्या दोन-तीन पावसांनंतरच उरकायची. एकदा धानाची रोवणी (लावणी) लागली की दुप्पट मजुरी देऊनही माणूस मिळत नाही.