एका कागदावर तासभर

अमेरिकेत इतिहासात पीएचडी करायला आलेली आपली मुलं विचारतात, वर्गाबाहेर लोकांसमोर कसं बोलायचं? मी गेली बरीच वर्षं इथल्या सुरुवातीच्या काळावर वाचनालयांत व्याख्यानं देतोय. त्यातून कळलेलं सांगतो.

पहिल्या व्याख्यानात मी १७६५ च्या स्टॅम्प ॲक्टपासून (ब्रिटिशांनी वसाहतींवर लादलेला कर) १७८७ च्या घटना परिषदेपर्यंत सगळं कोंबलं होतं. अर्ध्या तासात मागच्या रांगेतली माणसं कोट चढवायला लागली. फार लागलं मनाला. पुढच्या वेळी एकच कागद नेला.

मे १७९६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात आलेली जाहिरात. राष्ट्राध्यक्षांच्या, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या, घरातून ओनी जज ही वीसेक वर्षांची गुलाम मुलगी पळाली आहे, डोळे काळेभोर, केस दाट. आणून देणाऱ्याला दहा डॉलर. तिनं पळावं असं काही घडलेलं नव्हतं, असंही त्यात छापलंय. हे वाक्य मी दोनदा वाचतो आणि थांबतो. सभागृह एकदम गप्प होतं. मग सांगतो, की वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था तिला लग्नाचा आहेर म्हणून नातीला देणार होत्या. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानं सलग सहा महिने राहिलेला गुलाम मुक्त होऊ शकत असे, म्हणून वॉशिंग्टन आपल्याकडच्या गुलामांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर पाठवून परत आणत. घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ओनी निघाली, जहाजानं न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला पोचली. १८४८ मध्ये वारली, पण पुन्हा त्यांच्या हाती लागली नाही.

कुणीतरी उठतंच, "म्हणजे वॉशिंग्टन वाईट होते?" आवाज चढवू नका, कागदच पुढे करा. १७९९ च्या मृत्युपत्रात त्यांनी स्वतःच्या गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करायचं लिहिलं. पण ओनी मार्थांच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली, तिला ते लागूच नव्हतं. एवढं ऐकल्यावर माणसं आपली आपण विचार करतात.

दुसरा ठरलेला प्रश्न, "भारतातून येऊन आमचा इतिहास का?" आधी टोचायचा, आता आवडतो. १७८१ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेनं शस्त्रं ठेवली, तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७९२ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणासमोर होता आणि सोबत हरिपंत फडक्यांची मराठी फौज. तेव्हा हा इतिहास आमचाही आहे, असं मी सांगतो.

मानधनासाठी आपल्या राज्याच्या ह्युमॅनिटीज कौन्सिलकडे (इतिहास-साहित्याच्या कार्यक्रमांना मदत करणारी संस्था) वक्त्यांची यादी आहे का बघा, असेल तर नाव द्या. छोट्या वाचनालयांना परवडतं. तासभर आधी जा, माइक स्वतः तपासा. श्रोते बहुतेक सत्तरीचे, ऐकू कमी येतं, म्हणून प्रश्न मोठ्यानं परत सांगून मगच उत्तर द्या.

आणि संपलं की लगेच बॅग भरू नका. एकदा एक आजी प्लास्टिकच्या पिशवीतून पणजोबांची हिशेबाची चोपडी घेऊन आल्या. कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. आम्ही दोघं टेबलाशी बसून त्यातलं मोलॅसिस, खिळे, मजुरी वाचत राहिलो, वाचनालयाचे दिवे बंद करायला माणूस येईपर्यंत.