गाढवीला घोडीचं पंचांग लावू नका

थंडी ओसरली, दिवस मोठा होऊ लागला की घोडीवाल्यांचे फोन सुरू होतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याहून आणलेली घोडी अजून नीट माजावर का येत नाही, हा पहिला प्रश्न. त्याच आठवड्यात वीटभट्टीवरून कुणी विचारतं, गाढवीला भरवून दोन महिने झाले, राहिली की नाही कसं ओळखायचं? दोघांना एकच उत्तर दिलं तर एकाचं नुकसान ठरलेलं. दोघींच्या अंगातले हार्मोन तेच, पण किती, कधी आणि किती दिवस, यात मोठा फरक आहे.

घोडी चालते उजेडावर. अंधार असेपर्यंत मेंदूतल्या ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचं हार्मोन पाझरत राहतं. हिवाळ्याच्या लांब रात्रींत ते जास्त वेळ पाझरतं आणि बीजकोशाला जाणारा हुकूम दबून राहतो. आपल्याकडे पुण्याच्या आसपास सगळ्यात लहान दिवस ११ तासांचा आणि सगळ्यात मोठा १३ तासांच्या थोडा पुढे, त्यामुळे थंड देशांइतकी कडक बंदी इथे नसते. तरी माघ-फाल्गुनात पुष्कळ घोड्या अधल्यामधल्या अवस्थेत असतात. दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस माज दाखवतात, पण बीज सुटत नाही. या माजावर घोडा वाया घालवू नका. सोनोग्राफीत बीजकोशावर ३५ मिलिमीटरच्या वरचा फुगा दिसला तर पुढे जा, नाहीतर पुढच्या माजाची वाट पाहा. पुढच्या वर्षी लवकर भरवायची असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीपासून तबेल्यात दिवा लावा. सूर्याचा उजेड धरून दिवसाचे एकूण १६ तास, दोन-अडीच महिने. ठाणात उभं राहून वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड हवा.

गाढवीचं असं नाही. पोटाला नीट मिळालं तर आपल्या भागात ती जवळजवळ वर्षभर माजावर येते. म्हणून तिचा हंगाम आपण ठरवायचा, आणि माझं मत स्पष्ट आहे: आत्ता, भट्टीच्या ऐन कामात भरवू नका. गाढवी बारा महिने गाभण राहते. आज भरवली तर पुढच्या वर्षी याच उन्हात, याच ओझ्याखाली तिचे शेवटचे महिने जातील. श्रावण-भाद्रपदात भरवा. पुढच्या पावसाळ्यात भट्टी बंद असताना, हिरवा चारा असताना ती व्याईल आणि दिवाळीनंतर काम सुरू होईपर्यंत शिंगरू सुधारलेलं असेल. व्यायला कोरडी, निवाऱ्याची जागा मात्र लागेल.

माज ओळखतानाही घोडीवर बसलेली नजर फसते. घोडीने कान मागे पाडले की ती रागावली, लाथ येणार, हे आपल्याला पाठ आहे. माजावरची घोडी मागचे पाय फाकवते, शेपूट बाजूला घेते, थोडं थोडं मुतते. गाढवीही हे करते, पण तिची खरी खूण तोंडाकडे असते. मान पुढे ताणते, कान मागे मानेवर टेकवते आणि काही चावत असल्यासारखा खालचा जबडा हलवत राहते. पुष्कळदा लाळही गळते. तिला रागावलेली समजून नरापासून दूर बांधणारे मी पाहिले आहेत. नराशीही घाई नको. घोडा लगेच चढतो. गाढव मात्र जवळ येतं, हुंगतं, लांब जाऊन उभं राहतं आणि पुन्हा येतं. यात कधी अर्धा तासही जातो. त्याला मारून पुढे ढकललं की काम बिघडतं.

घोडीचा फेरा साधारण २१-२२ दिवसांचा, माज ५ ते ७ दिवस. गाढवीचा फेरा २४ दिवसांच्या आसपास, माज ६ ते ९ दिवस. दोघींतही बीज माजाच्या शेवटाकडे सुटतं, म्हणून तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड, ती नको म्हणेपर्यंत नर लावा. भरवल्यानंतर माज परत येतो का हे पाहायला घोडी अठराव्या दिवसापासून पुन्हा नराला दाखवा; गाढवीच्या बाबतीत हीच तपासणी विसाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत चालू ठेवा. चौदाव्या-पंधराव्या दिवशी सोनोग्राफी झाली तर उत्तम, कारण जुळं तेव्हाच कळतं आणि गाढवीत जुळ्याचं प्रमाण अधिक असतं.

आता रक्ततपासणी. गर्भ ३५-४० दिवसांचा झाला की त्याच्या आवरणातल्या पेशी घोडीच्या गर्भाशयात रुजतात आणि पीएमएसजी नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. तपासणीत हेच शोधतात. (शेळ्या एकदम माजावर आणायला जे इंजेक्शन देतात, ते हेच. ते गाभण घोडीच्या रक्तातून काढतात.) हे हार्मोन साठाव्या-सत्तराव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि चार महिन्यांपर्यंत ओसरतं. गाढवीच्या पोटात गाढवाचं शिंगरू असेल तर हेच हार्मोन घोडीच्या मानाने बरंच कमी असतं. घोडीला गाढव लावून खेचर धरलं तरी ते कमीच असतं आणि लवकर संपतं. उलट गाढवीला घोडा लावला तर भरपूर. म्हणजे किती तयार होणार हे गर्भाच्या बापावरही ठरतं.

याचा फटका मी एका भट्टीवर पाहिला. रक्ताच्या तपासणीत गाढवी रिकामी निघाली म्हणून मालकाने ओझं कमी केलं नाही. चौथ्या महिन्यात तिने गाभ टाकला. म्हणून गाढवीची ही तपासणी ‘नाही’ आली तर तिच्यावर विसंबू नका. एकतर सोनोग्राफी करा, नाहीतर चार महिन्यांनंतर इस्ट्रोन सल्फेटची तपासणी करा. ते हार्मोन वाढत्या, जिवंत गर्भाबरोबरच रक्तात चढतं. घोडीत उलटा धोका आहे. चाळीस दिवसांनंतर गर्भ गेला तरी त्या रुजलेल्या पेशी काम करत राहतात, तपासणी ‘गाभण’ सांगते आणि घोडी चौथ्या महिन्यापर्यंत नीट माजावर येत नाही.

आणि गायीला देतात तसं माजावर आणायचं इंजेक्शन गाभण नाही याची खात्री झाल्याशिवाय देऊ नका. ते प्रोस्टाग्लँडिन असतं. गाभ धरून ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचा पुरवठा ते तोडतं. डॉक्टरांच्या हातूनच द्या. घरातल्या गरोदर बाईने आणि दम्याच्या माणसाने ती बाटली हाताळू नये.

घोडी अकरा महिन्यांत विते. गाढवी ३६५ ते ३७५ दिवस घेते, कधी त्याहून जास्त. अकरा महिने झाले म्हणून कळा आणणारं इंजेक्शन टोचून घेऊ नका. शिंगरू अपुऱ्या दिवसांचं निघतं. भरवल्याची तारीख वहीत किंवा भट्टीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. कास भरली, सडांवर मेणासारखे थेंब जमले की एक-दोन दिवसांत ती व्यायची. कळा सुरू होऊन पाणी फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं, वार तीन तासांत पडायला हवी. धनुर्वाताची लस व्यायच्या महिना-दीड महिना आधी टोचा.

शेवटचे तीन महिने ओझं बंद, पण चारा बंद नाही. गाभणपणात गाढवीचं शरीर इन्शुलिनला दाद देत नाही. त्यातच उपास पडला की अंगावरची चरबी रक्तात उतरते आणि यकृत निकामी होतं. जाड गाढवीला हे आधी होतं, म्हणून तिला बारीक करायला उपाशी ठेवू नका. कडबा, थोडा भरडा, स्वच्छ पाणी दिवसभर समोर असू द्या. गाभण गाढवीने एक दिवस तोंड लावलं नाही तर दुसरा दिवस पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.