‘हात’ की ‘आत’?

स्पीच थेरपी शिकून या कामात येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

स्वरयंत्र काढलेल्या माणसासमोर मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा त्यांनी इलेक्ट्रोलॅरिंक्स (बटण दाबलं की कंपनाने आवाज देणारं हातात धरायचं यंत्र) गळ्याला टेकवून काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं, ‘आत दुखतंय’. मी घशाबद्दल विचारत राहिलो, ते मान हलवत राहिले. शेवटी त्यांनी डावा हात उचलून दाखवला. त्यांचा दमलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

‘ह’ तयार होतो तो स्वरयंत्रातच. शस्त्रक्रियेनंतर श्वासनलिका मानेवरच्या छिद्राशी उघडते आणि श्वास तोंडापर्यंत पोचत नाही. म्हणून ‘ह’ हरवतो, आणि ख, थ, भ यांच्यातला हकारही क्षीण होतो. मराठीत तर त्यावर अर्थ बदलतो. ओठ, जीभ, टाळू मात्र बहुतेकांचे शाबूत असतात. आपलं काम तिथेच आहे.

इलेक्ट्रोलॅरिंक्सचा नाद बटण दाबलेलं असेपर्यंत थांबत नाही, म्हणून अघोष (स्वरयंत्राच्या नादाशिवायची) व्यंजनंही घोष (नादासकटची) वाटतात. ‘काल’चा ‘गाल’ होतो, ‘पाय’चा ‘बाय’. यावर तोंडातली हवाच कामी येते. ओठ घट्ट मिटून ‘प’ फोडायला लावा आणि समोर कागदाची पट्टी धरा. ती हलली पाहिजे. मी सुरुवातीला ‘जोरात बोला’ म्हणायचो. तसं सांगू नका. जोर लावला की छिद्रातून श्वास फुसफुसतो आणि त्यात व्यंजनं बुडतात.

अन्ननलिकेतून बोलण्याची पद्धत मला सगळ्यात सुंदर वाटते. प, त, क म्हणताना तोंडात जो दाब होतो, त्यानेच हवा अन्ननलिकेत ढकलायची आणि लगेच परत सोडायची. वरच्या टोकाचे स्नायू थरथरतात, आवाज निघतो. व्यंजनच पुढच्या स्वराला हवा पुरवतं! पण हवा थोडी, म्हणून एका दमात थोडीच अक्षरं निघतात, आणि शिकायला महिने लागतात.

१९८०च्या सुमारास सर्जन सिंगर आणि स्पीच थेरपिस्ट ब्लोम यांनी श्वासनलिका-अन्ननलिकेमध्ये बसवायची एकमार्गी झडप आणली. मानेवरचं छिद्र बोटाने झाकलं की फुप्फुसांतली हवा अन्ननलिकेत जाते आणि वाक्यं लांब होतात. पाणी पिताना खोकला आला, तर झडप गळतेय का ते आधी बघून घ्या.

एक सवय आजच लावा. रुग्णाचं बोलणं त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा आणि चेहरा न बघता, जे ऐकू येईल तेच लिहून काढा. मग तो कागद त्यांना दाखवा. माझ्या पहिल्या कागदावर वीस शब्दांपैकी नऊ बरोबर होते. ते त्यांनी स्वतः मोजले, आणि चुकलेल्या शब्दांपुढे एकेक खूण करून कागद मला परत दिला.