मृगाआधी कॉलेजची तयारी

कोल्हापुरातल्या कॉलेजची इमारत, सुरक्षा आणि खर्च ज्यांच्याकडे आहे, त्या उपप्राचार्यांनी आणि कार्यालयीन अधीक्षकांनी ही यादी एप्रिलमध्येच हातात घ्यावी. वळवाच्या पहिल्या सरीनंतर गवंडी मिळत नाहीत, आणि मिळाले तर सांगतील तो दर द्यावा लागतो.

सुरुवात पैशापासून करा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, पाऊस जूनमध्ये येतो आणि फी जमा व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो, तीही हप्त्याहप्त्याने. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून येणाऱ्या शिष्यवृत्तीची रक्कम मंजूर दिसली तरी खात्यात पडेपर्यंत तिच्यावर एकही बिल लावू नका. दुरुस्ती आणि सुरक्षेचा पैसा गेल्या वर्षीच्या शिलकीतून वेगळा काढा आणि त्याला बजेटमध्ये स्वतंत्र शीर्ष द्या. ‘किरकोळ’मध्ये टाकलेली रक्कम स्नेहसंमेलनाच्या मांडवात कधी जिरते ते कळत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे महाविद्यालय विकास समितीच्या वर्षाला किमान चार बैठका व्हाव्याच लागतात. त्यातली एक एप्रिलमध्ये लावा आणि कामांना मंजुरी घेऊन टाका.

कोटेशन मागवण्याआधी कामाचा तपशील आपण स्वतः लिहायचा: किती चौरस फूट, कोणते मटेरियल, किती थर, किती वर्षांची हमी. हे लिहिले नाही तर तिघे तीन वेगळ्या कामांचे दर देतात आणि तुलनात्मक तक्ता नुसता कागदावर राहतो. वॉटरप्रूफिंगच्या बिलातले दहा टक्के पावसाळा संपेपर्यंत आपल्या हातात राहतील, ही अट वर्क ऑर्डरमध्येच घाला. ठेकेदार कुरकुर करतील, पण गळती निघाली की फोनही उचलतील.

मग गच्चीवर चढा, आणि स्वतः चढा. गुलमोहराची पाने, मांजा, पोरांचे चेंडू असले सगळे पाइपच्या तोंडाशी साचलेले असते. साफ झाल्याचे शिपायाने सांगितले तरी प्रत्येक तोंडात एक बादली पाणी ओता आणि खाली एकाला उभे करा. खाली धार लगेच आणि जोरात पडली तर पाइप मोकळा आहे. वर पाणी गोल फिरत राहिले तर पाइप अर्धा तुंबला आहे, तो आजच खोलायचा. कौलारू इमारत असेल तर फुटकी कौले बदलताना थोडी जादा घेऊन ठेवा, जुन्या मापाची कौले ऐन पावसात शोधत बसावे लागते.

विजेच्या बाबतीत प्रत्येक बोर्डावरच्या ईएलसीबीचे, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या खटक्याचे, टेस्ट बटण दाबून पाहा. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर ते उपकरण शोभेचे आहे, त्याच दिवशी बदला. वॉटर कूलर, पंप आणि कॉम्प्युटर लॅबचे अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या आणि आकडा रजिस्टरला लिहून ठेवा. ओल्या हाताने मुले सगळ्यात जास्त वेळा वॉटर कूलरलाच हात लावतात, म्हणून पहिला नंबर त्याचा.

आता नदी. पाऊस राधानगरी-गगनबावड्याला कोसळतो आणि पाणी इथे चढते, त्यामुळे शहरात ऊन पडले म्हणून निर्धास्त राहता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. तुमचे आवार सखल भागात असेल तर त्या वेळची खूण भिंतीवर रंगाने आखा, आणि जनरेटर, बॅटऱ्या, सर्व्हर त्या खुणेच्या वर न्या. सेवापुस्तके, जनरल रजिस्टर, डेड स्टॉक रजिस्टर तळमजल्यावर असतील तर ३९ फुटांची बातमी येताच वरच्या मजल्यावर हलवा. ४३ची वाट पाहू नका, तोवर शिपाई स्वतःचे घर आवरायला गेलेले असतात आणि तसे जाणे योग्यच आहे.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सर्वांत आधी सोडियम हलवायचे. ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेले असते. पाण्याशी गाठ पडली की हायड्रोजन निघतो आणि पेट घेतो. त्यानंतर ॲसिडच्या बाटल्या, मग गॅसच्या टाक्या. कोणती बाटली कोण उचलणार, हे प्रयोगशाळा सहायकाबरोबर बसून नावानिशी ठरवा.

वसतिगृह असेल तर २०१९ आठवा. उपसा केंद्रे पाण्यात गेली आणि चोहीकडे पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले. टाक्या जूनआधी धुऊन घ्या, पिण्याचे पाणी आणि कोरडा शिधा काही दिवसांचा ठेवा, शिरोळ-करवीरकडच्या मुलींच्या पालकांचे नंबर कागदावर लिहा. वीज नसली की मोबाइल बंद पडतो. पुरात शाळा-कॉलेजांत लोकांची सोय केली जाते, तेव्हा कोणते वर्ग आणि कोणती स्वच्छतागृहे खुली करायची हेही आत्ताच ठरवून ठेवा.

पावसात आग कुठली लागायला, असे बैठकीत कुणीतरी म्हणतेच. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, भर पावसाळ्यात. महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते दर महिन्याला पाहा. सभागृहाच्या मागच्या दाराला कुलूप नको, आणि तिथे रचलेली मोडकी बाकडी या सुट्टीतच भंगारात काढा. त्यासाठी निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, ठराव लागतो, तो एप्रिलच्याच बैठकीत घ्या.

शेवटी एक कागद. त्यावर अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, मेन स्विच कुठे आहे, आणि प्रत्येक किल्लीची दुसरी प्रत कोणाकडे आहे. हा कागद वॉचमनच्या खोलीत, वसतिगृहात आणि स्टाफरूममध्ये लावा. रात्रपाळीच्या वॉचमनला एकदा मेन स्विच स्वतःच्या हाताने बंद करायला लावा.