हातच्याची वजाबाकी तुराट्यांवर शिकवा

शाळेला सुटी, घरात मोबाइल एकच आणि तोही वडिलांबरोबर शेतात. अशा वेळी दुसरी-तिसरीच्या लेकरांना गणित शिकवायला मराठवाड्यात गावोगावी सरपणात पडलेल्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, पुरतात.

बोटाएवढे तुकडे करा, टोकं घासून घ्या. कूस बोटात गेली तर लेकरू पुन्हा हात लावणार नाही. सुटी काडी म्हणजे एकक, दहा काड्यांची सुतळीनं बांधलेली जुडी म्हणजे दशक. जुड्या लेकरालाच मोजून बांधू द्या. खरं शिकणं तिथंच होतं.

आता ४२ मधून १७ काढायला सांगा. दोन सुट्या काड्यांतून सात कशा द्यायच्या? थोडं अडू द्या, लगेच सांगू नका. एक जुडी सोडली की सुट्या होतात १२, जुड्या राहतात ३. सात काड्या आणि एक जुडी बाजूला काढली की उरतात २५. हे हातानं केल्यावरच तेच गणित वहीत मांडायला लावा.

उन्हामुळं दुपारी लेकरं घरातच असतात, तेव्हा अर्धा तास पुरे. संध्याकाळी किराणा सामानाची यादी त्यांच्याकडूनच लिहून घ्या.